लैसच्या मृत्यूचा दाखला

इर्बिद, ९ जुलै

ति. हैफाताईस,
रुदैनाचा सलाम. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर मी ओरडते आणि मुनीफ उठून खिडक्या लावत बसतात.

आज पाळणाघराच्या परवान्यासाठी कचेरीत गेले होते. सगळं चोख होतं, ताई. पुढची खोली रंगवली, अंगणाला फाटक लावलं, विजेच्या प्लगांना झाकणं बसवली. इमारतीतल्या पाचही घरांकडून हरकत नसल्याचे कागद आणले. अकरा वर्षं दुसऱ्याच्या पाळणाघरात राबले, ते बंद पडलं, आता माझं स्वतःचं हवं. जवळच्या कन्याशाळेतल्या तीन शिक्षिका आपली बाळं माझ्याकडे ठेवायची म्हणून थांबल्या आहेत, पण ऑगस्टअखेरपर्यंतच. शाळा उघडली की त्या दुसरीकडे जाणार.

पाचही घरांनी एकच लिहिलं होतं, उम्म लैसच्या पाळणाघराला आमची हरकत नाही. कारकुनानं विचारलं, लैस किती वर्षांचा? घरचं लहान मूल धरून किती मुलं घेता येतील ते ठरतं म्हणे. मी म्हटलं, लैस नाही. त्यानं मान खाली घातली, अल्ला त्याला जन्नत देवो म्हणाला, माझ्यासाठी पाणीही मागवलं. आणि मग म्हणाला की मृत्यूचा दाखला जोडावा लागेल.

जो जन्मलाच नाही त्याचा दाखला मी कुठून आणू? लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी सासऱ्यांचं नाव न झालेल्या नातवाला देऊन टाकलं. तेव्हापासून मुनीफ लैसचे बाबा, अबू लैस, आणि मी लैसची आई, उम्म लैस. पंधरा वर्षं लोक हाक मारतात आणि मी ओ देते. कुटुंबाची सरकारी नोंद-पुस्तिका त्याच्यापुढे आपटली, मुलांची पानं कोरी आहेत ती बघ म्हटलं. तर पुस्तिका आणि शेजाऱ्यांचे कागद जुळत नाहीत, हे त्याचं उत्तर!

डोकं तापलेलं आहे. तुझा लोभ आहेच, तो या तापासकट असू दे.

तुझी,
रुदैना

अकबा, १५ जुलै

चि. रुदैनास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून आधी पोट धरून हसले आणि मग चुलीवरचा भात करपेपर्यंत रडले. बिचाऱ्यानं पाणी मागवलं गं! त्याच्यावर फार चिडू नकोस.

माझं ऐकशील तर सांगून टाक की लैस मोठा झाला, जर्मनीत शिकतो, महिनोन्महिने आईला फोन करत नाही. अशी मुलं घरोघरी आहेत. माझा थोरला तसाच आहे, हवा तर तो घे. हे नको असेल तर सगळ्यांकडून पुन्हा खऱ्या नावानं लिहून आण. पण तुझं खरं नाव त्या इमारतीत कुणाला ठाऊक तरी आहे का?

मुनीफना सलाम. जेवत जा. रागावर पोट भरत नाही.

तुझी ताई,
हैफा

इर्बिद, २८ जुलै

ति. हैफाताईस,
सलाम.

तुझा जर्मनीतला लैस तुलाच लखलाभ. खोटा मुलगा पंधरा वर्षं पदरात घेऊन फिरले, आता त्याचा पासपोर्टही काढू?

पुन्हा दारोदार फिरले. तू म्हणालीस तेच खरं, माझं नाव एकीलाही माहीत नव्हतं आणि मलाही कुणाचं नाही. समोरची उम्म कुसै म्हणजे फदवा! नाव इतकं छान असून लपवलंस का, असं एकमेकींना विचारत दारातच हसत राहिलो. चार सह्या झाल्या.

पाचवं घर वरच्या मजल्यावरच्या उम्म नवरसचं. नव्या कागदावर आहे, रुदैना, मुनीफची बायको, अपत्य नाही. तिनं तो दोनदा वाचला आणि पेन खाली ठेवलं. म्हणाली की मागची सही तिनं उम्म लैससाठी केली होती. मूल नसलेल्या बाईची नजर लोकांच्या बाळांना लागली तर उद्या सगळे तिलाच विचारतील. ताई, जुळ्यांच्या वेळी डॉक्टरांनी तिला पाच महिने अंथरुणावर ठेवलं होतं. दोन वर्षांच्या नवरसला तेव्हा कोणी भरवलं, कोणी झोपवलं? तेव्हा नजर नव्हती का माझी?

मुनीफ म्हणतात, सोडून दे, शेजार बिघडेल. त्यांच्याशी मी तीन दिवस बोललेले नाही. एका सहीवाचून सगळं अडलं आहे आणि महिना उरला आहे.

लोभ कर, सल्ला नको.

रुदैना

अकबा, ४ ऑगस्ट

मा. उम्म नवरस यांस,
सलाम. वि. वि.

आपली ओळख नाही. मी खालच्या रुदैनाची थोरली बहीण. मला चार मुलं आहेत, म्हणजे आपल्या हिशेबानं माझी नजर स्वच्छ असावी. त्या नजरेला जे दिसतं ते लिहिते.

आपण पाच महिने आपला मुलगा जिच्या मांडीवर ठेवलात, तिला मूल नाही हे आपल्याला तेव्हाही माहीत होतं. त्याचा केसही वाकडा झाला नाही. मग आज कागदावर दोन शब्द वाचून घाबरलात, की गरज संपली म्हणून? घाबरला असाल तर नवरसकडे एकदा नीट बघा आणि सही करा. गरज संपली असेल तर तसं लिहून माझ्या बहिणीला द्या, म्हणजे कचेरीत तेच जोडता येईल.

मुलांना आशीर्वाद. त्यांचा यात काही दोष नाही.

हैफा

इर्बिद, २६ ऑगस्ट

ति. हैफाताईस,
रुदैनाचा सलाम. वि. वि.

काल परवाना मिळाला! नाव रुदैना. स्वतःची मुलं, नाहीत. खाली ठसठशीत शिक्का. कारकुनानं नजर न उचलता तो माझ्याकडे सरकवला. तिघी शिक्षिका रविवारपासून बाळं आणणार आहेत.

तू तिला पत्र लिहिलंस हे मला सांगायचंस तरी. एका सकाळी कागद दाराखालून आत आला, सहीसकट, आणि त्याच्या घडीत तुझं पत्र. तिचं नाव सबहा आहे.

आज ती जिन्यात भेटली, तोंडभर हसली आणि अभिनंदन करत म्हणाली, मबरूक, उम्म लैस. जणू काही झालंच नाही. मी सांगितलं की लैस वारला, जुलैच्या अखेरीस, तुमच्या दारात. ती तिथेच उभी राहिली आणि मी निघून आले. मला वाईट वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

संध्याकाळी मुनीफना घेऊन पाटी रंगवायला टाकली. रस्त्यापलीकडून चहावाल्यानं अबू लैस म्हणून हाक मारली आणि हे वळले, पंधरा वर्षं वळतात तसेच, हात उंचावून, चेहरा उजळून. मी तोंड उघडलं आणि मिटलं. माझा लैस मी पुरला, ताई. त्यांचा मला पुरता येईना.

पाटीवर फक्त माझं नाव आहे. लोभ त्या नावावर असू दे.

तुझी,
रुदैना