पोरांना जेसीबी समजावताना

३ फेब्रुवारी
अंगणवाडीसमोर नालीचं काम. माझा जेसीबी चालू अन् पोरं थेट बकेटखाली. आमची वैष्णवी सगळ्यात पुढं. ओरडलो. पोरं हसली.
अंगणवाडीच्या उज्ज्वलाताई म्हणाल्या, ओरडून काय होतंय दादा, मशीन कशी चालते ते नीट समजावून सांगा, म्हणजे जपून राहतील. वर विचारतात, एवढा राग कावून येतो. मला राग येत न्हाई. आवाजच तसा हाय.
इतकी वर्षं मशीनवर बसतोय, माझ्यापेक्षा चांगलं कोण समजावणार? उद्यापासून एकदम शांत.

४ फेब्रुवारी
सांगितलं. इंजिन पंप फिरवतं, पंप तेल ढकलतो, तेलाच्या दाबानं दांडा सरकतो, मशीनचा हात उचलतो. इतकं सोपं. तर युवराज नावाचं टिचभर पोरगं विचारतं, हे जेवतं का. म्हणालो, डिझेल पितं. मग शी कुठं करतं? झालं. सगळी अंगणवाडी त्या शीवरच. हायड्रॉलिक गेलं खड्ड्यात. ताईपण हसत होत्या. त्यांनीच बिघडवलीत पोरं.
आवाज थोडा चढला. थोडाच.

५ फेब्रुवारी, सकाळ
प्रॅक्टिकल पाहिजे. घाटनांदूरला गेलतो. मेडिकलमधून दोन मोठ्या सिरिंज आणल्या, मधी नळी, आत पाणी. एक दाबली की दुसरीचा दांडा आपोआप वर. अगदी जेसीबी. बायको म्हणते, पोरं भितील. सुईच न्हाई तर भितील कावून? धनश्रीला सायन्स कळत न्हाई.

५ फेब्रुवारी, दुपार
पिशवीतून सिरिंज काढली अन् युवराजनं भोकाड पसरलं. मग सगळ्यांनी. मी बोंबलतोय, सुई न्हाई बे, सुई न्हाई. कोण ऐकतंय? लसीकरण नुकतंच झालेलं म्हणे. ताईंनी आधी सांगायला नको? पोरं घराकडं पळाली, आया धावत आल्या. युवराजची आजी भामाबाई मलाच दरडावून विचारते, तू कोणत्या दवाखान्याचा.
अडाणी गाव.

७ फेब्रुवारी
मशीन चालू केली. एक पोरगं जवळ फिरकलं न्हाई. समजावलं की समजतं, ताईंना म्हणालो. त्या म्हणाल्या, आज अंगणवाडीतच कुणी आलं न्हाई, जेसीबी इंजेक्शन देतो असं गावभर झालंय. अफवा पसरवणाऱ्यांवर केस केली पाहिजे.
संध्याकाळी घरी आलो तर वैष्णवी आईमागं लपलेली. अजिबात ओरडलो न्हाई. लई शांतपणे म्हणालो, ये बाळा, मांडीवर बस.
तिनं दोन्ही हातांनी दंड झाकले.