गुडघा गार झाला

माय, माझा पाय वाचला. आज डॉक्टरनं गोळ्या बंद केल्या अन् म्हणला, "आजी, आता खुशाल फिरा." जालन्याहून धावड्याला येईपर्यंत मला दम निघाला न्हाई, गाडीतच नातसुनेला म्हणलं, काढ मोबाईल अन् लिही, मला मायला सांगायचंय. ती म्हणली, "आजी, त्या जाऊन किती वर्षं झाली!" मी म्हणलं, मंग? तिला घाई न्हाई, मला हाय.

तुझ्या काळात गुडघे झिजले की बाई ओट्याला चिकटायची. आता झिजलेलं हाड कापून धातूचा सांधा बसवतात, मधी प्लास्टिकची चकती. माझाही बसवला. टाके निघाले, काठी टेकत चुलीपर्यंत जाऊन सुनेच्या भाकरीला नावं ठेवायला लागल्ते, म्हणजे बघ किती बरी झाल्ते. अन् एकाएकी ठणका परत चढला. जाऊबाई म्हणली, "नवा गुडघा हाय, गरम राहणारच." मला ते पटंना. तू आठवलीस. गळू घेऊन गाव तुझ्या दारात यायचं, तू दुखरी बाजू अन् चांगली बाजू, दोन्हीकडं हाताची पाठ लावून बघायची. मी तळवा लावला की माझ्या हातावर चापट. "तळव्याला काय इचारती? तो भाकरीनं भाजून बहिरा झाला. पाठीला इचार!" मी दोन्ही गुडघ्यांना पाठ लावली. एक माठ, एक तवा. टाक्याच्या जागी लाली अन् पाण्याचा थेंब.

मंग तुझीच दुसरी शिकवण आडवी आली. "पिकू दे, फुटलं की बरं होतं." जाऊबाईनं कांदा भाजला, हळद-तेल घातलं, पोटीस बांधायला एरंडाचं पान घेऊन हजर. पोरगा मेडिकलमधून जंतू मारायच्या गोळ्या घेऊन आल्ता. मी पाय पुढं केलाच होता, तेवढ्यात नातसुनेनं डॉक्टरला फोन लावला. तो तिकडून वरडला, "शेक न्हाई, गोळी न्हाई, आधी इकडं आणा!" आम्ही निघालो. कांदा वाया जाऊ नये म्हणून जाऊबाईनं तो भाकरीबरोबर खाल्ला.

डॉक्टरनं सुईनं गुडघ्यातलं पाणी काढलं, जंतू कोणता ते बघायला धाडलं. म्हणला, "आधीच गोळी खाल्ली असती तर चोर लपला असता, अन् आपण अंधारात काठी मारत बसलो असतो." नवा गुडघा थोडा गरम राहतोच म्हणे, पण ती गरमी उतरत जाती; माझी चढून राह्यली होती. मी म्हणलं, माझी माय म्हणायची पिकू द्या. तो हसला न्हाई. "गळू कातड्यात पिकतं आजी. हे धातूला चिकटतं. पिकेपर्यंत थांबला असता तर सांधाच उपसून काढावा लागला असता, अन् पायाचंही सांगता आलं न्हसतं." लवकर आलो म्हणून धातू राह्यला. गुडघा उघडून धुतला, चकती बदलली, सलाईनमधून औषध दिलं, अन् मंग गोळ्याच गोळ्या, जेवणापेक्षा जास्त. म्हणजे बघ माय, तुझ्या अर्ध्या शिकवणीनं पाय वाचवला अन् अर्ध्या शिकवणीनं घालवलाच होता. मेल्यावर तरी भांडण मिटव म्हणू नको, आत्ता कुठं मला उभं राहून भांडता येतंय!

घर आलं. आपल्या पायानं गाडीतून उतरले, काठी जाऊबाईच्या हातात दिली. नातसून इचारती, "आता हे कुठं पाठवू?" मी म्हणलं, राहू दे तुझ्याजवळच. लिहिलेलं मला वाचता येत न्हाई, अन् मायलाबी कधी आलं न्हाई. ओट्यावर टेकले अन् दोन्ही गुडघ्यांना हाताची पाठ लावली. दोन्ही गार. खरं सांगू? गार हाय ते डॉक्टरनं सकाळीच सांगितल्तं. पण माझा हात आता हुबेहूब तुझ्यासारखा दिसतो, सुरकुत्यांसकट. तुझा हात लागावा म्हणून लावला.