ज्याचं जितकं बुडालं

१२ ऑगस्ट १९६८
तापी उतरली. केळीच्या जागी नुसता गाळ! प्रकाशा गावाकडची सडक अजून बंद. भिल्लांच्या वस्तीतली, भिलाटीतली, एकही झोपडी उरली नाही. आमच्या शेतात कामाला येणाऱ्या गुलाबबाईचीही गेली. आमचं घर उंचावर — उभं आहे.

१६ ऑगस्ट
मदतीची ज्वारी आली. अमेरिकेची तांबडी मिलो. पंचायतीत वाटपावरून गोंधळ — सगळ्यांना सारखी द्यायची की कशी? बायकांची जागा भरायची म्हणून मला मेंबर केलेलं. बसायचं नि उठायचं. पण आज बोलले! "ज्याचं जितकं बुडालं, त्याला तितकं."
सगळ्यांनी माना डोलावल्या. सरपंच दोधूभाई म्हणाले, "हा खरा न्याय!"
घरी हेही खूश. "घाम गाळला त्याने घ्यावं. बसून खाणाऱ्यांना कशाला?"
मला बरं वाटलं. खरंच वाटलं.

१७ ऑगस्ट
वाटप झालं, बुडालेल्या पिकाच्या हिशेबाने. आमच्या ओट्यावर पोत्यांची थप्पी. भिलाटीत घरटी पायलीभर.

१८ ऑगस्ट
गुलाबबाई गाळ उपसायला आली. आमच्याच शेतातला! वाहून गेलेल्या केळीचे कंदही तिनेच लावले होते. आणि बसून खाणारी ती?
विचारलं, "राग आला का गं?"
फावडं थांबलं नाही. "राग कसाना, बाई? बरोबरच शे. तुमनं गयं, तुमले भेटनं. आमनं व्हतंच काय बुडाले?"
तिला ते पटलंय! भांडली असती तर बरं झालं असतं. मी असं काही गोड बोलले, की जिच्या पोटावर पाय दिला तिलाही तो न्याय वाटला. शी! मिलोची भाकरी ताटात तशीच ठेवून उठले.

१९ ऑगस्ट
यांना सांगून पाहिलं. "नियम तूच काढलास ना?"
हो. मीच.

२३ ऑगस्ट
ज्वारीची दुसरी खेप आली. सभेत उभी राहिले. "माझं चुकलं. घरातली तोंडं मोजून वाटा."
हशा! हे जमिनीकडे बघत राहिले.
दोधूभाई म्हणाले, "बाईंच्या बाजूने कोण?"
कोणी नाही. मग दाराबाहेर उभ्या बायांतून एक हात वर आला. गुलाबबाईचा.
"तुले मत नही," दोधूभाई म्हणाले.
"माले माहीत शे."
हात खाली आला नाही.