समुद्रावरचा मुराळी

मोताळा, बुधवार

तीर्थरूप निवृत्तीमामांस,

शिवमचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, मामीचा खोकला गेला का आणि पिंपळगावात हरभरा कसा उतरला, ते कळवावे. (फोन का केला नाही म्हणाल, तर माझा फोन आमच्या विहिरीत आहे. मीच टाकला. कारण खाली येईल.) घरी सगळे खुशाल आहेत, मी सोडून.

कॉलेज अर्ध्यात सोडून मी वाया गेलो असं बाबा तुम्हाला सांगतात. खोटं आहे. मी जगभरचा सिनेमा पाहत होतो. आमच्या गल्लीतली योगिनी (शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायची, आता वाचनालयात आहे) दर रविवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये बायांना जुने, परदेशी, कोणी न पाहिलेले सिनेमे दाखवते. मी सतरंज्या टाकतो, खिडक्यांना घोंगड्या लावतो आणि मागे बसून योगिनीच्या वेणीच्या बाजूने जेवढा पडदा दिसेल तेवढा पाहतो. पहिल्याच दिवशी जो धक्का बसला तो अजून ओसरला नाही. बाई चुलीवर किटली ठेवते आणि कॅमेरा पाणी उकळेपर्यंत तिथून हलत नाही. अडकलं समजून मी उठून मशीन ठोकलं. पुढच्या सिनेमात नायकाला चारचौघात थोबाडीत बसते, आणि तो घरी जाऊन कांदा सोलतो. मारामारी नाही, सूड नाही, खेळ खलास. मला तर झोप लागली नाही (मला थोबाडीत बसल्यावर काय होतं ते आमच्या कॉलेजला विचारा). शेजारची सोजराबाई मात्र शांतपणे म्हणाली, "कांदा सोलताना रडलं तं कोनाले समजत नाही बापा."

खरा घात या रविवारी झाला. सिनेमाखाली इंग्रजी अक्षरं येतात, ती वाचून योगिनी बायांना मराठीत सांगते. त्या दुपारी तिच्या घरी पाहुणे येणार होते. कसले, ते तिने हॉलची किल्ली देता देता सांगितलं, जसं काही गॅसचं सिलिंडर येणार आहे. "पोरगा दुसरबीडचा आहे. आज तू सांग बायांना. येते ना तुले इंग्रजी?" मी हो म्हणालो. (कॉलेज सुटण्याचं दुसरं कारण इंग्रजीच, हे तिला माहीत नाही.)

सिनेमा समुद्राकाठचा, काळा-पांढरा. फ्रान्सचा की इटलीचा, मला अजून खात्री नाही. एक बाई किनाऱ्यावर उभी राहून पाण्याकडे बघते. एक गरीब पोरगा जाळं विणत तिच्याकडे बघतो. हे पुष्कळ वेळ चालतं. अक्षरं येत होती, जात होती, आणि माझं चित्त पलीकडच्या घरात, जिथे त्या घडीला पोह्यांच्या बश्या फिरत होत्या. मग मी माइक धरून मनानेच सांगत गेलो. पोरगा कसा निर्मळ आहे, शिक्षण सोडलं म्हणून काही कमी नाही, बाईच्या मनातही तोच आहे. बाया हरखल्या. आणि शेवटी नावेतून कोट घातलेला एक इसम उतरला. बाई त्याच्याकडे पळत सुटली. मामा, माझं डोकंच फिरलं. या कोटवाल्याला मी ती देणार नव्हतो. मी माइकवर जाहीर केलं, "हा तिचा भाऊ. आखाजीच्या सणासाठी मुराळी आला, तिले माहेरी न्याले."

अख्ख्या हॉलात पदर डोळ्यांना लागले. "माय माय," सोजराबाई हुंदक्यात म्हणाली, "बहिणीसाठी केवढ्या पान्यातून आला."

आणि मग, तुम्ही वडीलधारे, कसं लिहू. मुराळ्याने बहिणीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि मुका घेतला. गालाचा नव्हे. आणि परदेशी कॅमेऱ्याची किटलीची सवय वर सांगितलीच आहे. हुंदके जागच्या जागी थांबले. सोजराबाईचा पदर डोळ्यांवरून तोंडावर आला. "काऊन रे शिवम," ती म्हणाली, "हा भाऊ कोन्या गावचा?" मी पडदा झाकायला धावलो, तर माझ्या पांढऱ्या शर्टामुळे सगळा मुका माझ्या छातीवर. नेमकं तेव्हाच दार उघडलं. योगिनी, तिची आई वंदनाकाकू आणि दुसरबीडचा तो पोरगा, गोकुळ. (कोट घातला नव्हता. साधा शर्ट. याचाही मला राग आला.) योगिनीचा सिनेमा पाहायचाच म्हणून तो हट्टाने आला होता. खालच्या दोन ओळी वाचून तो बायांना म्हणाला, "मावशी, नवरा होय तो तिचा. बुडाला म्हनून लोकायनं सांगतलं होतं, जिता निघाला." बाया हसल्या. योगिनी त्याच्याकडे बघत राहिली. तशा नजरेने तिने आजवर फक्त पडद्याकडे पाहिलं होतं.

संध्याकाळी सुपारी फुटली. बातमी फोनवर आली, म्हणून फोन विहिरीत. परदेशी सिनेमाने माझं वाटोळं केलं, आता या जन्मात पाहणार नाही. (येता रविवार सोडून. जपानचा आहे, आणि सोजराबाई म्हणते, "ष्टोरी तुईच बरी होती.")

मामीला नमस्कार.

तुमचा भाचा,
शिवम

ता. क. – पत्राचं खरं कारण हे. काल वंदनाकाकू घरी आल्या. योगिनीला भाऊ नाही. म्हणाल्या, "मुराळ्याचं लय जीव लावून सांगतलं म्हने तू. होळीनंतर लगन आहे. पयल्या आखाजीले दुसरबीडले तूच जाय तिले आनाले." मी पाया पडायला वाकलो, त्या तो होकार समजून गेल्या. तरी त्या आठवड्यात तुम्ही मला पिंपळगावला कामावर बोलावलंय, असं बाबांना आजच कळवा. काम कोणतंही चालेल. विहीर खोदतो.

ता. क. २ – बोलावू नका. तुमची जीप तेवढी पाठवा, आणि मागची फाटलेली सीट आधी शिवून घ्या. आखाजीच्या उन्हात तिला एसटीत उभ्याने आणणं काही बरं नाही.