न अडकणारा कॉम्प्युटर

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

युसूफ वडगाव
५ जानेवारी २०२५

चि. शिवांजलीस आजी उमाबाईचा आशीर्वाद.

पत्र पावलं. फोनवर मला बोलता येत न्हाई, फोन तुझ्या बापाच्या खिशात ऱ्हातो आन् त्याचे कान मोठे. लग्नाचे व्हिडिओ जोडायला कॉम्प्युटर पायजे, हे त्याला, मन्मथप्पाला, पटवलंय. तो म्हणला, जुना घेऊ, स्वस्तात पडतो. मी म्हणले, पोरीचं काम अडकलं तर किराणा दुकान सोडून तू ढकलायला जाणार हाईस का? शनिवारी केजला तुझ्यासंगं येईल. दुकानदाराच्या गोड बोलण्याला भुलू नको. चालवून बघ. तू लगेच भुलतीस, आईवर गेलीस.

दिवाळीत माझं शूटिंग घेतलंस, त्यात मी मनातलं बोलले. ते मी मेल्यावरच उघडायचं. तू शपथ घेतलीस.

जेवत जा. कळावे.
आजी


अंबाजोगाई
१२ जानेवारी २०२५

ती. आजीस शिवांजलीचा शि. सा. न. वि. वि.

कॉम्प्युटर झाला! दुकानदार राधाकिशनकाका म्हणाले, खोक्यावरचे आकडे वाचून घेऊ नका, तुमचंच एखादं जड एचडी शूटिंग लावून बघा. जुना वीस सेकंदांत अडकला. दुसऱ्याला रॅम सोळा जीबी, एसएसडी, बेताचं ग्राफिक कार्ड, आणि भावही आवाक्यातला. त्यावर अठरा मिनिटं सलग चाललं.

लग्नाच्या फाइली स्टुडिओच्या मालकाकडे असतात. माझ्याकडे एवढं मोठं शूटिंग एकच होतं. आवाज बंद करायचा राहिला. बाबा शेजारीच होते. पैसे देऊन बाहेर जाऊन बसले.

माया कमी करू नकोस, एवढंच मागणं.
तुझी
शिवांजली


युसूफ वडगाव
२० जानेवारी २०२५

शिवांजली,

आशीर्वाद यावेळी लिहीत न्हाई.

एकेक अक्षर लावून तुझं पत्र वाचलं. आवाज बंद करायचा ऱ्हायला म्हणतीस. अठरा मिनिटं ऱ्हायला? जुना अडकला ते बरं झालं होतं, तवर मी फकस्त नाव-गाव सांगत होते. पुढं काय काय हाय ते तुला पाठ होतं. मी त्यात म्हणले होते, लेक पोत्यासारखा, हलत न्हाई, बोलत न्हाई. ह्या घरात मी उसनी ऱ्हाते. लिंबागणेशला लेकीकडं, गीताकडं जावं वाटतं. हे सगळं राधाकिशनच्या गिऱ्हाइकांसमोर, माझ्या लेकाला माझ्याच तोंडानं ऐकवलंस. माझं भलं करायला निघाली असशील. तुला कुणी सांगितलं व्हतं? मी बोलले ते पोट हलकं करायला, घर सोडायला न्हाई.

मन्मथप्पा भांडला असता तर मी पुरून उरले असते. तो भांडला न्हाई. पयला चहा मला आणून द्यायचा, आता सुनेच्या हाती धाडतो. काल माझी ट्रंक त्यानं सोता पुसून दारात ठिवली. म्हणला, आई, मंगळवारी गाडी सांगितलीय, गीताकडं सोडतो, तुझ्या मनासारखं होऊ दे.

मला जायचं न्हाई. पण त्याला सांगायला तोंड ऱ्हायलं न्हाई. तूबी सांगू नको. तुझ्यावर आता मी कायबी सोपवत न्हाई.

उत्तर धाडू नको.
उमाबाई