समुद्राचा तास

५ जानेवारी
सणसरच्या शाळेत आज रुजू झाले. वालचंदनगरला हवेशीर खोली मिळाली, माणसं मोकळी. शाळेच्या कपाटात व्हीआरचे चष्मे, डोळ्यांना लावले की चित्र भोवती उभं करणारे, धूळ खात पडलेले! पालकसभेत ठणकावून विचारलं, समुद्र काय फक्त मुंबईच्या पोरांच्या मालकीचा आहे? टाळ्या थांबेनात.

७ जानेवारी
पहिला तास समुद्राचा. कालव्यापलीकडे पाणी न पाहिलेली पोरं लाटा चुकवायला बाकांवर चढली. खिचडी शिजवणाऱ्या शकुबाई दारातून ओरडल्या, "दर्या बघून आला व्हय रं? मग पाय कोरडं कसं?"
नववीची रोहिणी चष्मा काढेना. घंटा झाली तरी मी तिला बसू दिलं. शिकण्याची भूक घंटेनं मोजू नये.

९ जानेवारी
रोहिणीची आई म्हाळसा आली. पोर जेवते, काम करते, पण परवापासून एक शब्द बोलत नाही. मुख्याध्यापक आप्पासाहेब म्हणाले, वयच तसं. म्हाळसा माझ्याकडे वळली. "बाई, ही निस्ती बघती. ही माझी पोर न्हाय. तुमी नेली, तुमीच माघारी आणा."
वर्गात रोहिणीला हाक मारली. मान वळली. डोळे वळले नाहीत.

१२ जानेवारी
शाळा सुटल्यावर तिचाच चष्मा लावला. वाळू, लाटा, लांब एक होडी. त्या चित्रात माणूस नाही, मला ते पाठ आहे. आज किनाऱ्यावर गणवेशातली मुलगी होती. पाठमोरी. वळली. रोहिणी. रडत म्हणाली, की आई हाका मारते ते ऐकू येतं, पण जाता येत नाही.
मी चष्मा ओरबाडून काढला.

१३ जानेवारी
आप्पासाहेबांना सगळं सांगितलं. म्हणाले, बाई, आराम करा, तुमचा तास बघायला पाहुणे यायचेत, वाच्यता नको. आयुष्यभर अन्यायाशी भांडले. इथं भांडायचं कुणाशी?
म्हाळसा पोरीला घेऊन वर्गात बसली आहे. मी चष्मा लावून आत जाते. रोहिणीला आणल्याशिवाय —

तारीख कळत नाही
तिचा हात धरून ओढला. ती दिसेनाशी झाली. बाहेरून तिचा आवाज आला — "आये, भूक लागली" — आणि म्हाळसाचं रडणं. सुटली!
चष्मा काढायला हात चेहऱ्याकडे नेला. पट्टा नाही. चष्मा नाही. नुसता गाल.
वही बाहेर राहिली. वाळूत बोटानं लिहितेय.

पुन्हा
बाहेर माझाच आवाज तास घेतो. सपाट. पाहुणे वा वा करतात. मी ओरडते — सभा गाजवणारा आवाज — कुणाला

आज?
वाळूवर सावली. गणवेश. रोहिणी — माझ्यासाठी परत आली. म्हणते, बाई, चला घरी. हात पुढं केलाय. धरला तर मी सुटेन, ती इथं —
जा म्हणायला हवं. एवढं बोलले आयुष्यात. हा एक शब्द येत नाही.
माझा हात वर जातोय — मी नेत नाही — रोहिणी, मागं हो, मा