अठ्ठावन्नाव्या मिनिटाचा गोल

सोमवार, २ फेब्रुवारी

"झेप" खोडली. तिसऱ्यांदा!

वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानाचा मसुदा सचिवांकडून परत आला, तर मी काढून टाकलेली झेप पुन्हा आपल्या जागी येऊन बसलेली. "कामगिरीची झेप, विस्ताराची भरारी." अहो, जमिनीवर खेळतात पोरी! मी खोडलं आणि लिहिलं — महिला संघ जागतिक क्रमवारीत चौदाव्यावरून नववा. नोंदणी झालेल्या मुली आठ हजारांवरून साडेअकरा हजार. नवी मैदानं चार. बस्स. आकडा बोलत असताना विशेषणांनी मध्ये तोंड घालू नये.

हॉकी महासंघाच्या या कचेरीत सव्वीस वर्षं आकडे मांडतेय. आजवर अहवाल म्हणजे नुसती सारवासारव. "अनुभवाच्या दृष्टीने उपयुक्त दौरा" असं लिहिलं की समजायचं, सगळे सामने हरलो. यंदा पहिल्यांदाच सारवायला काही नाही. तरी मला स्वस्थ बसवत नाही. सुख बोचतं म्हणतात, तसं काहीतरी झालंय.

बुधवार, ४ फेब्रुवारी

मुखपृष्ठाचा फोटो. छायाचित्रकाराने चारशे पाठवलेत आणि सगळ्यांना एकच हवाय. ऑगस्टमधला — पात्रता स्पर्धेचा शेवटचा सामना, एक-एक बरोबरी, दोन मिनिटं बाकी, कप्तानाचा फटका, गोल! आणि एकवीस वर्षांनी आपण जागतिक स्पर्धेत. त्या दिवशी या कचेरीत शिपायाने सचिवांना मिठी मारली होती.

सचिव म्हणाले, "यात निवडायचंय काय, मॅडम? कप्तान लावा आणि मोकळ्या व्हा."

गुरुवार, ५ फेब्रुवारी

मोकळी कसली होते!

पान भरेल एवढा फोटो मोठा केला. कप्तानाची स्टिक नेमकी चेंडूला टेकलेली, चेहरा छान, मागे प्रेक्षक. आणि खाली डीची रेघ. गोलसमोर ती अर्धगोल पांढरी रेघ असते ना, तीच. चेंडू रेघेच्या बाहेर आहे.

वीतभर. कदाचित दीड वीत. पण बाहेर.

फोटो बंद केला. चहा घेतला. पुन्हा उघडला. बाहेरच आहे.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

फोटोची प्रत घरी आणली. नवरा चष्म्यांच्या दुकानातलं भिंग डोळ्याला लावून बसला, मान वर न करता म्हणाला, "बाहेर आहे. तुझे डोळे ठीक आहेत."

त्याला नियम समजावला. डीच्या बाहेरून मारलेला चेंडू थेट जाळ्यात गेला तर गोल नाही. आत आपल्या कुणाच्या तरी स्टिकला तो लागायला हवा.

"मग पंचाने दिला कसा?"

"त्याला फटका आतला वाटला असेल. नाहीतर कुणाचा तरी स्पर्श दिसला असेल. त्या स्पर्धेत व्हिडिओ पंच नव्हता."

सासूबाई टीव्हीवरून नजर न काढता म्हणाल्या, "जिंकलात ना? मग झालं तर!"

झालं तर! सगळं जग सासूबाईंसारखं असतं तर माझं डोकं शांत राहिलं असतं. नवऱ्याने भिंग पुसत विचारलं, "आत होतं कोण?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी फक्त चेंडूच बघत होते.

शनिवार, ७ फेब्रुवारी

सुट्टी असून कचेरीत गेले. पुढचा फोटो पाहिला. गोलच्या तोंडाशी, पार वाकून, स्टिक जमिनीला लावून — सोळा नंबर. भिंगरी!

रविवार, ८ फेब्रुवारी

भिंगरी म्हणजे संघातली सगळ्यात लहान. चेंडूसकट स्वतःभोवती अशी फिरते की बचाव करणारी बिचारी दुसरीकडेच तोंड करून उभी राहते, म्हणून हे नाव. नोव्हेंबरमध्ये निवड समितीला तक्ता दिला होता मी. सोळा नंबर: सामने अकरा, गोल शून्य. डिसेंबरच्या यादीत ती नव्हती. कुणी तिला वाईट म्हटलं नाही. मुख्य प्रशिक्षकांनी फक्त माझा तक्ता समितीपुढे सरकवला.

तो गोल तिच्या स्टिकला लागून गेला असेल, तर ते शून्य खोटं. आणि ते शून्य लिहिलं कोणी? मी! सामन्याच्या कागदावर कप्तानाचा नंबर होता, मी डोळे झाकून उतरवला. दुसऱ्या कुणी अशी चूक केली असती तर आठवडाभर त्याचं डोकं खाल्लं असतं मी. स्वतःचा इतका राग बऱ्याच दिवसांत आला नव्हता.

सोमवार, ९ फेब्रुवारी

चित्रफीत साठ वेळा पाहिली. एकच कॅमेरा. चेंडू एका बचावपटूच्या पाठीआड जातो आणि जाळ्यातच दिसतो. मधे दिशा किंचित बदलते. बदलते! नवऱ्याला दाखवली. तो म्हणाला, "दिसतंय, की तुला दिसायला हवंय?"

दुकानात गिऱ्हाइकांशी असंच बोलतो का हा?

मंगळवार, १० फेब्रुवारी

मुख्य प्रशिक्षकांना गाठलं. शिटीची दोरी बोटाला गुंडाळत ऐकून घेतलं. मग, "गोल संघाचा असतो, मॅडम. जुनं कशाला उकरताय?"

जुनं! सहा महिने म्हणजे जुनं? आणि गोल संघाचा असतो, तर शून्य एकट्या पोरीचं कसं? हे सगळं मला जिना उतरताना सुचलं. तोंडावर बोलले असते तर!

गुरुवार, १२ फेब्रुवारी

कप्तानाला फोन केला. धास्ती होती — आयुष्यातला सगळ्यात मोठा गोल काढून घेतेय तिच्याकडून. कसं सांगू, कुठून सुरू करू असं चाललं होतं माझं, तेवढ्यात तीच म्हणाली, "द्या ना तिला, ताई. तिचाच असेल. मला नकोच तो."

केवढं मन त्या मुलीचं! फोन ठेवल्यावर डोळे पुसले. शिपायाने पाहिलं. सर्दी झालीय म्हटलं.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

भिंगरीशी बोलले. गावी असते आता, मोठ्या बहिणीच्या चपलांच्या दुकानात. दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा उचलला. मी एका दमात सगळं सांगितलं — फोटो, रेघ, चित्रफीत, माझी चूक. माफीही मागितली. पलीकडे ती कुणाला तरी सांगताना ऐकू आली, "सात नंबर वरच्या फळीवर आहे." मग मला — "ताई, राहू द्या ना."

"अगं, राहू कसं देऊ? तुझा हक्क आहे तो!"

"गिऱ्हाईक आलंय. ठेवते."

पार खचलीय पोर. एकवीस वर्षांची आहे, आणि आवाज असा, जणू दुकानाचं शटर खाली ओढून बसलीय. मी नाही राहू देणार.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

पदर खोचूनच सचिवांच्या केबिनमध्ये शिरले. भांडायची तयारी! त्यांनी फोटो घेतला. बराच वेळ पाहिला. उठून दार लावलं.

"हे कुणाकुणाला दाखवलंत?"

"घरी. आणि तोंडी, प्रशिक्षकांना, कप्तानाला."

पुन्हा फोटो पाहिला, आणि एकदम चेहराच फुलला त्यांचा! म्हणाले, भिंगरीची स्टिक लागली असेल तर उत्तमच, प्रश्नच मिटला. खेळाडूचं सहीचं निवेदन घ्या, आंतरराष्ट्रीय संघटनेकडे नाव दुरुस्तीला पाठवू. आणि मुलीला सोळा मार्चच्या शिबिराला बोलवा. "जागतिक स्पर्धेच्या संघात जागा आहेच की एक. अहवालात एक पानही टाका तिच्यावर. चांगलं आहे हे, मॅडम!"

सव्वीस वर्षांत एवढ्या पटकन काही मंजूर झालेलं नाही. तरंगतच घरी आले. सासूबाईंना म्हटलं, आज टीव्ही पाहिजे तेवढा मोठा लावा.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

निवेदन मीच लिहिलं, चार ओळींचं. "माझ्या स्टिकचा चेंडूला डीच्या आत स्पष्ट स्पर्श झाला." आधी नुसतं "स्पर्श" लिहिलं होतं. "स्पष्ट" सचिवांनी घातलं. या विशेषणाला मात्र मी हरकत घेतली नाही.

शिबिराचं पत्र आणि निवेदन एकाच पाकिटात घालून पाठवलं. प्रशिक्षक जिन्यात भेटले, भिंतीकडे बघत निघून गेले. जळू देत!

मंगळवार, २४ फेब्रुवारी

उत्तर नाही.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

नाही.

फोन केला. बहिणीने उचलला. म्हणाली, पत्र मिळालं, वाचून खूप रडली. आता संध्याकाळी शाळेच्या मैदानावर जाऊन नुसती बसते.

"आनंदाने रडली असेल," मी म्हटलं.

बहिणीने फोन ठेवला.

सोमवार, २ मार्च

छापखान्यातून तगादा. सचिवांनी आज तीनदा विचारलं, "सही आली का?" सही आली का, सही आली का. शिबिराला ती येतेय का, हे एकदाही नाही.

संध्याकाळी घरी कुरकुरले. नवरा म्हणाला, "ती सही का करत नाही हे विचारलंस तिला? का नुसतं कर, कर म्हणालीस?"

कडाडून भांडले मी. तुला काय कळतं, तू काचा घासत बस, असलं काहीबाही बोलले. तो ताट उचलून स्वयंपाकघरात गेला. सासूबाईंनी टीव्हीचा आवाज स्वतःहून कमी केला, म्हणजे बघा!

नाही विचारलं, हे खरं आहे. पण त्यात विचारायचं काय? ज्या पोरीचं सगळं गेलं तिला सगळं परत मिळतंय. फक्त एक सही.

मंगळवार, ३ मार्च

सकाळी नवऱ्याला सॉरी म्हटलं. "चहा घे," म्हणाला. मिटलं असावं.

दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. चित्रफीत पुन्हा लावली. आधी दिशा बदलताना दिसत होती. आज दिसेना. पुन्हा लावली, तर दिसली. काय करावं या डोळ्यांचं!

बुधवार, ४ मार्च

छापखान्याने नमुना पाठवला. मुखपृष्ठावर फोटो असा कापलाय की कप्तान दिसते, वाकलेली भिंगरी दिसते, आणि रेघ नाही. आत भिंगरीचं पान — मी लिहिलेलं, चांगलं उतरलंय. मथळ्यात "भरारी" परत आलीय. खोडायला पेन उचललं, आणि ठेवून दिलं. जाऊ दे. पोरीचं काम होऊ दे आधी.

रेघ कापायला कुणी सांगितलं, हे मात्र विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

गुरुवार, ५ मार्च

भिंगरीचा निरोप आला. "उद्या येते." दोनच शब्द. सचिवांना सांगितलं. त्यांनी स्वतःचं पेन काढून माझ्या टेबलावर ठेवलं!

शुक्रवार, ६ मार्च

आली. पहिल्या बसने. बस म्हटलं तर बसली नाही. निवेदन आणि शिबिराचं पत्र, दोन्ही टेबलावर ठेवलं. सही नाही.

"लागला नाही, ताई. मी वाकले होते, पण चेंडू माझ्या स्टिकच्या पुढून गेला. त्याच दिवशी बसमध्ये प्रशिक्षक सरांना सांगितलं. कप्तान शेजारीच होती. सर म्हणाले, दमलीयेस तू, झोप. त्यानंतर मला एकही सामना दिला नाही त्यांनी, आणि मग यादीतूनच काढलं."

कसंबसं म्हटलं, "अगं, मग फोनवर का नाही बोललीस?"

"एकदा बोलून बघितलं होतं ना, ताई." दारापर्यंत गेली, वळली. "आता तुम्हालाही सांगितलं."